दुःखाचे निदान आणि विद्यार्थ्यांची यंत्रे

तथागत भगवान बुद्धांनी जगाला चार आर्यसत्ये सांगितली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो आणि निरोधाचा मार्गही आहे. आम्ही काही अभियंते नाही. परंतु यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांना जो ‘प्रोजेक्ट’ करावा लागतो त्याची रीत समजून घेतली, तेव्हा आम्हांस हीच चार पावले आठवली. लोकांची अडचण पाहायची, तिचे कारण शोधायचे, ती दूर होईल का याचा हिशेब मांडायचा आणि मग लोखंड कापून, वेल्डिंग करून यंत्राचा नमुना उभा करायचा. आज आपल्या समाजाची कितीतरी मुले-मुली डिप्लोमा व इंजिनिअरिंगला जातात. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

यंत्राने माणूस बिघडतो असे म्हणणारे पुष्कळ झाले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे मान्य नव्हते. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या 1945 सालच्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू मांडली. पोटासाठी रात्रंदिवस राबणाऱ्याला विचार करायला, शिकायला फुरसत मिळत नाही. ती फुरसत यंत्र देते. यंत्रामुळे जे अनर्थ होतात त्यांचा दोष यंत्राकडे नसून चुकीच्या समाजरचनेकडे जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच आली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको !

आता आपल्या जवळचे एक उदाहरण पाहू. नागपूर येथे प्रा. जे. पी. मोडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बळावर चालणाऱ्या यंत्राची एक कल्पना विकसित केली. पुढे अनेक विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास व प्रयोग केले. विटा पाडणे, लाकूड कातणे, पाणी उपसणे अशा कामांसाठी ती वापरून पाहण्यात आली. या कामांना वीज किंवा डिझेलचे इंजिन लागते. खेड्यात वीज वेळेवर नसते आणि डिझेल परवडत नाही. मग उपाय काय ?

अडचण अशी की, साधारण माणूस सायकलचे पायडल बराच वेळ मारू लागला तर एका अश्वशक्तीचा सुमारे दहावा हिस्साच शक्ती देऊ शकतो. तेवढ्यात विटेचे यंत्र हलणारसुद्धा नाही. येथे आपला कुंभारदादा मदतीला येतो. तो मडके घडवताना चाक ढकलत बसत नाही. आधी काठीने चाक गरगर फिरवतो आणि मग त्या साठलेल्या वेगावर मडके घडवतो. नागपूरच्या यंत्रातही असेच आहे. सुमारे मिनिटभर पायडल मारून एक जड चाक वेगात आणायचे. त्याला फ्लायव्हील म्हणतात. वेग दुप्पट झाला की चाकात साठलेली ऊर्जा चौपट होते, म्हणून मध्ये दातेरी चाके घालून वेग वाढवलेला असतो. मग क्लच जोडला की ही ऊर्जा काही सेकंदांत कामाला लागते. साधा हिशेब करा. दहाव्या हिश्श्याची शक्ती साठ सेकंद साठवली आणि तीन सेकंदांत खर्च केली, तर घर्षणाची घट सोडून ती दोन अश्वशक्ती होते ! थेंबे थेंबे तळे साचावे आणि पाट एकदम सोडावा, तसेच हे.

दुसरे उदाहरण दूरचे, केरळचे असले तरी ते आपल्या काळजाला भिडणारे आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूंबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला व 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही विषारी वायूने माणसे मेली, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे सांगण्याची गरज नाही. केरळमधील अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या काही तरुण मित्रांनी जेनरोबोटिक्स ही कंपनी काढून ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र तयार केले. 2018 मध्ये ते तिरुवनंतपुरमला कामास लागले. यंत्राचे हात-पाय गटारात उतरतात, माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत ते चालवतो. नुकसानभरपाईने माणूस परत येत नाही. त्याला आत उतरावेच लागू नये, हा खरा निरोध होय.

आता आपल्या गोरेगावकडे येऊ. येथे धान हेच मुख्य पीक. रोवणीच्या दिवसांत आपल्या आया-बहिणी दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवतात आणि रात्री पाठ टेकवत नाही म्हणून कण्हतात. रोवणीची यंत्रे बाजारात आहेत. पण त्यांना चटईसारखी वेगळी रोपवाटिका लागते, सपाट बांधी लागते आणि पैसाही लागतो. आपल्या लहान, खोल चिखलाच्या बांध्यांत ती अडतात. हातानेच ओढता येईल असे हलके यंत्र करण्यास येथे विद्यार्थ्यांना मोकळे रान आहे.

परंतु एक मोठी खोट आहे. प्रोजेक्ट सादर होतो उन्हाळ्यात, रोवणी असते पावसाळ्यात ! मग यंत्र फिरते कॉलेजच्या फरशीवर. गुण मिळतात आणि नमुना भांडारात गंजतो. काहीजण तर तयार प्रोजेक्ट विकत आणतात. यावर आमची सूचना अशी : शेवटचे वर्ष सुरू होताच, रोवणी चालू असतानाच मुलांनी बांधीत उतरावे, वाकून पाहावे, मोजमाप घ्यावे. कॉलेजात नमुना करावा आणि जेथे तलाव-कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान होतो, तेथे जानेवारी-फेब्रुवारीच्या रोवणीत तो तपासावा. यंत्र मुलांनी नव्हे, रोवणाऱ्या बाईने ओढून पाहावे. मूठ उंच आहे, चाक रुतते, असे ती म्हणेल तेच खरे परीक्षण. ऐकीव गोष्ट मानू नका, अनुभवाने पारखा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

कोणी विचारील, यंत्र आले तर रोवणीची मजुरी बुडेल, त्याचे काय ? प्रश्न रास्त आहे. यंत्र एकट्या मालकाचे झाले तर मजुरी बुडेलच. तेच यंत्र बाया-बायांच्या बचत गटाचे असले, तर त्याच बाया एकरावर मक्ता घेतील, पाठ वाचेल आणि मिळकतही राहील. यंत्र कसे असावे हे विद्यार्थ्याने ठरवावे. ते कोणाचे असावे हे समाजाने ठरवायचे आहे. बाबासाहेबांनी दोष समाजरचनेकडे दाखवला तो यासाठीच.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, प्रोजेक्टचा विषय शोधायला फार लांब जाऊ नका. घरी जा आणि दिवसभराच्या कामानंतर आईचे कोणते अंग दुखते ते आधी विचारा.

नमो बुद्धाय ! जय भीम !