भोंगा कोणाच्या वेळेचा?

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत वेळ पाहायला घड्याळाची गरज पडत नसे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की चुली पेटत, दुसऱ्या भोंग्याला माणसे जिना उतरू लागत. कोणता भोंगा कोणत्या गिरणीचा, हे आम्हा पोरांना आवाजावरून कळे. वडील साचेखात्यात होते. एकदा गेटवर दोन मिनिटे उशीर झाला म्हणून त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा धरला गेला होता. मनगटावरचे घड्याळ दाखवून त्यांनी वाद घातला, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून ते घड्याळ भोंग्यावर लावू लागले.

१९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून गप्प झाले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या. वडिलांनी आता ऐंशी ओलांडली आहे. परवा माझी अकरावीतली मुलगी पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, “बाबा, आइन्स्टाइन म्हणतो की सगळ्यांची वेळ एक नसते. मग खरी वेळ कोणाची?” मी काही बोलण्याआधी आजोबांनी निकाल देऊन टाकला, “गिरणीची!”

आम्ही हसलो. पण हा प्रश्न या गिरणगावाला नवा नाही. सूर्य डोक्यावर आला की बारा, या हिशेबाने मुंबईची स्वतःची वेळ होती. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने इथेही नवी प्रमाणवेळ लागू केली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. एका रात्रीत घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकली. कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: घड्याळात तेच वाजणार, पण अंथरूण सोडायचे ३९ मिनिटे आधी. त्याच महिन्यात गिरण्यांतले हजारो कामगार काम नाकारून बाहेर पडले, दगडफेकही झाली. महापालिकेने तर काही महिन्यांतच नवी वेळ झुगारून दिली आणि १९५० पर्यंत ‘मुंबई वेळ’ चालवली. एकाच शहरात दोन वेळा आणि त्याही ४४ वर्षे! कोणाला भेटायचे ठरवताना लोक काय करीत असतील, देव जाणे.

गंमत अशी की, याच्या जेमतेम सहा महिने आधी, ३० जून १९०५ रोजी, जर्मनीतल्या एका विज्ञान-नियतकालिकाकडे एक निबंध पोचला होता. लेखक होता स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणारा २६ वर्षांचा आइन्स्टाइन. त्याचाही प्रश्न घड्याळांचाच होता. फरक एवढाच की मुंबईतला वाद काटे कुठे ठेवायचे याचा होता. ३९ मिनिटांचा फरक असला तरी दोन्ही घड्याळांचा तास सारखाच लांब होता. आइन्स्टाइनने त्या तासालाच हात घातला.

मुलीला हे समजवायला मी तिला लोअर परळ स्टेशनवर घेऊन गेलो. इथे फास्ट गाडी थांबत नाही, आणि आम्हाला नेमके तेच हवे होते. समज, गाडीतल्या एका माणसाने महालक्ष्मीला डबा उघडला आणि दादरला बंद केला. त्याला विचारले तर तो म्हणेल, दोन्ही गोष्टी एकाच जागी झाल्या, माझ्या मांडीवर. आपण फलाटावरून म्हणू, छे, दोन्हींत काही किलोमीटरचे अंतर आहे. दोघेही बरोबर. दोन घटनांतले अंतर बघणाऱ्यागणिक बदलते, याचे कोणाला नवल वाटत नाही. पण त्या दोन घटनांमधला वेळ? तो तरी दोघांना सारखाच असायला हवा, असे आपण मनाशी धरून चालतो. कोणी तपासलेले नसते.

आता प्रकाशाकडे या. धावत्या गाडीत कोणी पुढच्या दिशेने चेंडू फेकला, तर फलाटावरून त्याच्या वेगात गाडीचा वेग मिळवावा लागतो. प्रकाशाला हा हिशेब लागू नाही. गाडीतून मोजा की फलाटावरून, पोकळीतला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, कमी नाही की जास्त नाही. हे पचायला जड आहे. पण प्रयोगांनी ते पुन्हा पुन्हा दाखवले आहे, तेव्हा मान्य करून पुढे जाण्याला पर्याय नाही.

गाडीच्या डब्यात खाली एक दिवा आणि बरोबर वर छताला आरसा आहे असे समजा. प्रकाश वर जाऊन खाली आला की एक टिक. डब्यातल्या माणसाला प्रकाश सरळ वर आणि सरळ खाली येताना दिसेल. फलाटावरून पाहणाऱ्याला मात्र तो तिरका जाताना दिसेल, कारण तो छताला पोचेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. तिरकी वाट लांब. चेंडू असता तर गाडीचा वेग मिळाल्याने लांब वाट त्याच वेळात कापून गेला असता. प्रकाशाला तशी सवलत नाही. वाट लांब, वेग तोच. म्हणजे वेळ जास्त लागणारच. फलाटावरून पाहता गाडीतली टिक लांबली. आणि ती काही दिव्या-आरशाचीच नाही. डब्यातली मनगटी घड्याळे, माणसांच्या नाडीचे ठोके, सगळेच त्या प्रमाणात संथ.

“पण हे कोणी पाहिलंय का?” मुलीने विचारले. रास्त शंका. आणि त्याचे उत्तर देताना एका मुंबईकराचे नाव येते, याचा मला फार आनंद होतो. होमी भाभा १९०९ साली याच शहरात जन्मले. १९३८ मध्ये, केंब्रिजला असताना, त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. विश्वकिरणांत नुकत्याच सापडलेल्या जड कणांविषयी ते होते. असा कण आपोआप फुटत असेल तर तो एक घड्याळच समजता येईल, आणि वेगात असताना तो उशिरा फुटला पाहिजे, असे भाभांनी सुचवले. तीन वर्षांनी, १९४१ मध्ये, ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात वर आणि खाली हे कण मोजले. वेगवान कण खरोखरच जास्त टिकत होते.

या कणांना आज आपण म्युऑन म्हणतो. ते जमिनीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात आणि त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोनपट असते. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात ६६० मीटर होतात. तरीही ते जमिनीवर पोचतात. पसरलेल्या तळहातातून साधारण सेकंदाला एक आरपार जातो. आपण म्हणतो, त्यांचे घड्याळ संथ चालले म्हणून ते पोचले. म्युऑनला बोलता आले असते तर तो म्हणाला असता, माझे घड्याळ ठीक आहे, तुमचे वातावरणच आखूड आहे! एकाच्या वेळेत पडलेला फरक दुसऱ्याच्या अंतरात दिसतो. अंतर आणि वेळ यांचा असा एकत्र हिशेब १९०८ मध्ये गणिती मिन्कोव्स्कीने मांडला. वेगवेगळ्या माणसांची अंतरे जुळत नाहीत, वेळा जुळत नाहीत, पण दोन्ही विशिष्ट रीतीने एकत्र घेतली की येणारे उत्तर सर्वांचे एकच. त्या एकत्र विणीला अवकाश-काल म्हणतात. साचेखात्यातल्या माणसाला उभा आणि आडवा धागा मिळून कापड होते हे निराळे सांगावे लागत नाही.

टॅक्सीवाल्याच्या मोबाइलवरचा नकाशाही याच हिशेबावर चालतो. त्याला वेळ पुरवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ४५ पुढे जातात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश अकरा किलोमीटर जातो. दुरुस्ती केली नसती तर काय घोटाळा झाला असता, याची कल्पना यावरून येईल.

घरी आल्यावर मुलीने कागद घेऊन लोकलच्या मोटरमनचा हिशेब मांडला. ताशी ७२ किलोमीटर, दिवसाला सहा तास, वर्षाला तीनशे दिवस, तीस वर्षे नोकरी. चर्चगेटहून निघायचे आणि पुन्हा चर्चगेटलाच यायचे. निवृत्तीच्या दिवशी त्याचे घड्याळ स्टेशनच्या घड्याळापेक्षा किती मागे? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. तिने आकडा आजोबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “एवढा उशीर आमच्या गेटवाल्यानेसुद्धा चालवून घेतला असता.”