मुखावरचे भाव आणि मनातील कारण

मनुष्य बोलण्यास शिकतो त्यापूर्वीच त्याचा चेहरा आणि शरीर बोलू लागतात. भीती वाटली की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. या क्रिया आपल्या इच्छेने घडत नाहीत. संकटाची चाहूल लागताच मेंदू स्वायत्त मज्जासंस्थेला जागे करतो, अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात मिसळते आणि शरीर पळण्यास अथवा झुंजण्यास सज्ज होते.

आपल्या पूर्वसूरींनी याचे सूक्ष्म निरीक्षण केले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय म्हणजे मूर्च्छा, असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. मन एकाग्र झाल्याशिवाय नटाला ते दाखविता येत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. पुढे १८६२ मध्ये फ्रेंच वैद्य दुशेन यांनी दाखविले की, मनापासूनच्या हास्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. १८७२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी मनुष्य व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

तथापि, चेहरा भाव सांगतो. त्यामागील कारण सांगतोच असे नाही. याचे उत्तम उदाहरण अजिंठ्यात आहे. विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात १६ क्रमांकाचे लेणे कोरविले. तेथील एका चित्रात मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, गात्रे शिथिल झालेली एक स्त्री दिसते. दासीने तिला मागून सावरले आहे. पाहणाऱ्यांनी या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. वस्तुतः ती मरणोन्मुख नाही. ती तथागतांचा बंधू नंद याची पत्नी सुंदरी होय. पतीने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच ती शोकाने कोसळली आहे. चित्रकाराने शोक अचूक रंगविला, पण कथा ठाऊक नसलेल्यांनी त्याचे कारण चुकीचे वाचले.

निवासी शाळेत हा बोध फार मोलाचा ठरतो. आर्वी, कारंजा, समुद्रपूर अशा तालुक्यांतील खेड्यांतून प्रथमच घर सोडून आलेले मूल ताटावर गप्प बसते, त्याचे पोट दुखते, झोप उडते. त्याला आपण कधी हट्टी, कधी आळशी ठरवितो. मुलगा असेल तर ‘रडतोस काय?’ म्हणून दटावतो. रडू दाबले तरी दुःख नाहीसे होत नाही. ते आवाजात, भुकेत, अभ्यासात प्रकट होते.

महापरिनिब्बान सुत्तात भिक्खू आनंद तथागतांच्या वियोगाच्या कल्पनेने रडू लागल्याचा प्रसंग आहे. तथागतांनी त्यांना दोष दिला नाही. जवळ बोलावून सांत्वन केले, अनित्यतेची आठवण दिली आणि त्यांच्या सेवेची सर्वांसमक्ष प्रशंसा केली.

पालकांनी व शिक्षकांनी याच क्रमाने जावे. आधी मुलाचा चेहरा पाहावा, मग त्याला जवळ बसवून कारण विचारावे आणि त्याचे सांगणे संपेपर्यंत ऐकावे. उपदेश त्यानंतर करावा.