रेडिओ बिघडला नाही, लहर बदलली



मागे एक वयस्कर सभासद आपला जुना ट्रान्झिस्टर पिशवीत घालून गट ऑफिसात आले. दोनदा दुरुस्तीला दिला, सेल बदलले, तरी नेहमीचं केंद्र लागेना, नुसती खरखर. आम्ही खटका एफएमवर ओढला, वरची तार बाहेर काढली, आणि सेट बोलू लागला. बिघाड काहीच नव्हता. ज्या जागी ते इतकी वर्षे काटा लावून ठेवत होते, तिथली मध्यमलहरच बंद झाली होती. दुरुस्तीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने देशातली बरीच जुनी मध्यमलहरी प्रक्षेपण यंत्रे बंद केली आहेत. कारण पाहू गेल्यास सरळ आहे. मध्यमलहर लांब असते. १००० किलोहर्ट्झला एक लहर ३०० मीटरची. तिला उंच मनोरा लागतो, भोवती मोकळी जमीन लागते आणि वीज तर विचारूच नका. १०० किलोवॅटचे यंत्र दहा तास चालले तर नुसत्या हवेत सोडलेल्या शक्तीचा हिशेबच १००० युनिट होतो, यंत्रात वाया जाते ते वेगळेच. त्यात जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नाहीत. शिवाय घरोघरचे एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर याच लहरीत घुसते.

पण या लांब लहरीचा गुण मोठा. ती जमिनीला धरून चालते, डोंगराला वळसा घालते. मोठ्या यंत्राची १००-१५० किलोमीटरवर दिवसाही ऐकू येते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची. आवाज स्वच्छ, पण डोंगराआड गेलात की संपलं.

इंग्लंडातही हेच झाले. बीबीसीने जानेवारी २०१८ मध्ये ससेक्स, सरे, नॉटिंगहॅम, केंट अशा स्थानिक केंद्रांची मध्यमलहर बंद केली. पण ही केंद्रे तिथे आधीपासून एफएमवर आणि डिजिटल रेडिओवर होती. बहुतेक श्रोत्यांना फक्त जागा बदलायची होती. आपल्याकडे सगळीकडे तशी सोय नाही. एप्रिल २०२३ मध्ये देशात १०० वॅटची ९१ एफएम यंत्रे एकदम सुरू झाली. त्यांनी सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भाग नव्याने व्यापला असे सरकारने सांगितले. भागाकार करा. एका यंत्राला ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा घेर. त्यापलीकडच्या वाडीवस्तीने काय करायचे?

आधी एफएमची तार पूर्ण लांब करून सेट खिडकीत किंवा माळवदावर ठेवून पाहा. मोबाइलमध्ये एफएम असेल तर बहुतेक फोनांना इअरफोन लावावा लागतो, कारण त्याची वायर हीच एरियल. नव्या पुष्कळ फोनांत ही सोयच नसते. त्यांनी आकाशवाणीचे ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅप घ्यावे. ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो, तेव्हा खर्चाची फार धास्ती नको. फक्त त्यावर घड्याळ लावू नका, आवाज थोडा उशिरा येतो. घरी डीडी फ्रीडिश असेल तर टीव्हीवरही आकाशवाणीच्या वाहिन्या लागतात, महिन्याचे भाडे नाही. आकाशवाणीने ३५ मध्यमलहरी यंत्रे डीआरएम या डिजिटल पद्धतीची केली. पण त्याला वेगळा सेट लागतो. जुन्या ट्रान्झिस्टरवर डिजिटल आवाज म्हणजे खळखळाट. केवळ त्यासाठी एवढ्यात पैसे घालावेत असे आम्हाला वाटत नाही.

मात्र अ‍ॅप आणि डिश दोन्ही विजेवर, आणि अ‍ॅप तर मोबाइलच्या मनोऱ्यावरही अवलंबून. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तो कुणी विसरलेले नाही. वीज गेली की टीव्ही बंद, आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली की फोनही मुका. तेव्हा दोन सेलवर चालणारा सेट काय कामाचा, हे नदीकाठच्या सभासदांना सांगायला नको. रात्रपाळीच्या पाण्यावर बांधाला टांगलेला ट्रान्झिस्टर तर आहेच.

तेव्हा सेट भंगारात घालू नका. आपल्या शिवारात एफएमवर कोणते केंद्र, कोणत्या आकड्याला आणि किती स्वच्छ लागते, ते पावसाळ्याआधी आपल्या गट ऑफिसात नोंदवा. गावोगावची यादी ऑफिसाच्या फळ्यावर लावू. ज्या गावात काहीच लागत नाही, त्यांची नावे वेगळी काढून आकाशवाणीकडे अर्ज करता येईल.