आवड आणि गुण : चाचण्या काय सांगतात?

• टिम्स : चौथी आणि आठवीच्या मुलांची गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी, १९९५पासून दर ४ वर्षांनी. सोबतच्या प्रश्नावलीत ‘विज्ञान आवडतं का, जमतं का’ हेही विचारतात.

• एकाच देशात : विषय आवडणाऱ्यांचे सरासरी गुण जास्त. ‘मला जमतं’ या विश्वासाचं गुणांशी नातं सहसा आवडीपेक्षाही घट्ट.

• देशादेशांत : चित्र उलटं. जपान, दक्षिण कोरिया गुणांत आघाडीवर. पण विज्ञान आवडतं, जमतं म्हणणारी मुलं तिथे तुलनेने कमी. म्हणून केवळ आवडीच्या टक्केवारीवरून देशांची तुलना फसवी ठरते.

• आधी काय, आवड की गुण? दोन्ही बाजू खऱ्या. आवडीमुळे मूल विषयाला जास्त वेळ देतं. गुण मिळाले की आवड वाढते. सततच्या अपयशाने हेच चक्र उलटं फिरतं.

• मुलगे-मुली : १५ वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ चाचणीत २०१५ साली विज्ञान मुख्य विषय होता. मुलगे-मुलींच्या सरासरी गुणांत फरक किरकोळ. करिअरच्या स्वप्नांत मोठा. मुलग्यांचा ओढा इंजिनिअरिंग, संगणकाकडे, तर मुलींचा आरोग्यसेवेकडे.

• शिक्षकांसाठी : प्रयोग स्वतः करू द्या, आणि चूक नेमकी कुठे झाली ते सांगा. नुसतं ‘शाबास’ पुरत नाही.