हजार जणांचा ग्रुप प्रोजेक्ट

सबमिशनची आदली रात्र. ग्रुपमध्ये चौघं. एकाने रिपोर्ट सुधारला, दुसऱ्याने जुन्याच फाइलवर काम करून तीच सगळ्यांना पाठवली. पहिल्याची मेहनत पाण्यात! मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फाइल्स आणि भांडण. ओळखीचं वाटतंय ना?

आता विचार करा, ग्रुपमध्ये हजाराहून जास्त जण आहेत. देश वेगळे, कंपन्या वेगळ्या, बरेच जण एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत. आणि प्रोजेक्ट तीन कोटींहून जास्त ओळींचा. त्याचं नाव लिनक्स कर्नल. तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर तो यावरच चालतो.

१९९१मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हे सुरू केलं. आजही शेवटचा शब्द त्याचाच. पण येणारी प्रत्येक ओळ तो वाचत बसत नाही. शक्यच नाही ते. मग जमतं कसं?

पहिली गोष्ट, वाटणी. नेटवर्किंग, मेमरी, फाइल सिस्टीम अशा प्रत्येक भागाचे मेंटेनर ठरलेले. कोणाकडे काय, याची यादी कोडसोबतच असते. तुम्ही केलेला बदल, म्हणजे पॅच, ई-मेलने त्या मेंटेनरकडे जातो. तिथे तपासून, पटला तरच तो वर सरकतो. ज्यांच्या हातून तो पुढे जातो, ते आपलं नाव खाली लिहितात. उद्या काही बिघडलं, तर विचारायचं कोणाला हे स्पष्ट!

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. नवी आवृत्ती आली, की साधारण दोन आठवडे नवे बदल घ्यायची खिडकी उघडी. नंतर फक्त दुरुस्त्या. दर नऊ-दहा आठवड्यांनी पुढची आवृत्ती. तुमचं काम राहिलं? लोकल चुकली, तर पुढची पकडायची. गाडी थांबत नाही. खिडकी उघडण्याआधी सगळ्यांचे बदल ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये एकत्र करून पाहतात. एकांकिकेची रंगीत तालीमच म्हणा. कोणाचं कोणाशी जुळत नाही, ते तिथेच कळतं.

आणि तुम्ही लॅबमध्ये वापरता ते गिट? तेही लिनसने २००५मध्ये याच कामासाठी लिहिलं.

पण नियम आणि टूल असूनही माणसं दुखावतातच. लिनसचे ई-मेल जहाल असायचे. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाला. त्याच वेळी प्रोजेक्टने वागण्याचे नियमही स्वीकारले. कोड कितीही भारी असो, अपमान झालेला नवखा पुन्हा येईलच कशाला?

तुमचाही पहिला पॅच बहुतेक परत येईल. मनाला लावून घेऊ नका. अनुभवी लोकांचेही परत येतात. सूचना वाचा, सुधारा, काय बदललं ते लिहून पुन्हा पाठवा. आणि कधी दुसऱ्याचं काम तपासायची वेळ तुमच्यावर आली, तर चूक जरूर दाखवा, पण कामातली. माणसातली नव्हे.

पुढच्या सबमिशनला ग्रुपवर एवढंच ठरवून बघा: कोणता भाग कोणाचा, बदल कधीपर्यंत घ्यायचे आणि का केला ते एका ओळीत लिहायचं. ‘खरंच फायनल’ची वेळ कदाचित येणारच नाही!