६५ टक्के म्हणजे नक्की काय? एका छोट्या जायंट क्लॅमची गोष्ट

माझा चुलतभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या घरी प्रवाळांसकट समुद्री पाण्याची टाकी आहे. मागच्या वर्षी त्याने हॅचरीत वाढवलेला, जेमतेम ४ सेंमीचा जायंट क्लॅम आणला (ट्रायडॅक्ना डेरासा) आणि मला विचारलं, "तू बायोलॉजीवाला ना? याला खायला काय घालू?"

मी एक पेपर शोधला, फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचला आणि आकडा पाठवून दिला. क्लम्प आणि सहकाऱ्यांचा १९९२ चा अभ्यास, जात ट्रायडॅक्ना गिगास. लहान शिंपल्यांना (मऊ भागाचं कोरडं वजन १०० मिलिग्रॅम) श्वसन आणि वाढीसाठी लागणाऱ्या कार्बनपैकी ६५ टक्के पाणी गाळून मिळतो, मोठ्यांना (१० ग्रॅम) ३४ टक्केच. मी म्हटलं, लहान आहे ना, मग खाणं आधी, उजेड नंतर! भावाने रोज फायटोप्लँक्टन ओतलं आणि क्लॅम कमी उजेडाच्या कोपऱ्यात ठेवला. त्याचं मँटल फिकट होत गेलं, पूर्ण उघडेना. दोन महिन्यांत तो मेला.

मग मी पेपर पूर्ण वाचला. तो मिळकतीचा हिशेब आहे. घरात दोघं कमावतात आणि ६५ टक्के एकाच्या पगारातून येतात, एवढ्यावरून दुसऱ्याची नोकरी गेली तर घर चालेल का, हे कळत नाही. 'किती मिळतं' आणि 'कशावाचून भागत नाही' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यासाठी प्रयोगही वेगळा लागतो. शिवाय जात वेगळी, आणि पाणी खऱ्या रीफचं, टाकीचं नव्हे.

दुसरा पगार म्हणजे मँटलमधली सहजीवी शैवालं. ती आईबापांकडून मिळत नाहीत. प्रत्येक पिढी ती पाण्यातूनच घेते. एकदा ती स्थिरावली की हॅचरीत पिल्लं उथळ, उन्हातल्या टाक्यांत वेगळं फायटोप्लँक्टन न घालताही वाढवतात; वाढीसाठी कधी पाण्यात थोडं नायट्रोजन घालतात. म्हणजे शैवालांना खत हवं. नायट्रेट शून्यावर आणून पाणी 'स्वच्छ' ठेवणं इथे नडतं.

(भावाचा क्लॅम उजेडाअभावीच मेला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एन बरोबर एक!)

दुसरा क्लॅम आणल्यावर आम्ही क्रम उलटा केला. आधी भरपूर उजेड, पण तीव्रता हळूहळू वाढवत. कवचासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी स्थिर. ८-९ डीकेएचच्या आसपास. दगडाला चिकटला तर ओढायचं नाही, बिससचे धागे तुटताना आतली ग्रंथी फाटते. रात्री टॉर्च घेऊन कवचाच्या कडेला तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगायी शोधायच्या. त्या क्लॅमचा रस शोषतात.

आणि दर रविवारी पट्टी शेजारी ठेवून फोटो. वाढ चालू असेल तर कवचाच्या कडेला नवी पांढरी पट्टी दिसते. आमच्या क्लॅमची ती सहाव्या आठवड्यात दिसली. फायटोप्लँक्टन भाऊ अजून आठवड्यातून दोनदा घालतो. त्याचा किती उपयोग होतो, हे एका टाकीत एकच क्लॅम ठेवून आम्हाला कधीच कळणार नाही, हे मी त्याला सांगितलंय.