वायुदुष्टी आणि प्राणवह स्रोतस : कामठी परिसराच्या निमित्ताने काही विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनीच पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस कांपिल्य नगरीजवळ गंगातीरीच्या वनात फिरत असता भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला जनपदोद्ध्वंस समजावून सांगतात. अग्निवेशाची शंका मार्मिक आहे. माणसामाणसांची प्रकृती, आहार, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय भिन्न असताना एकाच काळी एकच व्याधी साऱ्या जनपदाला कसा ग्रासतो? आत्रेयांचे उत्तर असे की, हे सारे भाव भिन्न असले तरी वायू, जल, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते बिघडले की प्रकृतिभेद आड येत नाही.

पुढे दुष्ट वायूची लक्षणे येतात. ऋतूला न शोभणारा, अगदी निश्चल किंवा अतिवेगवान, अतिरूक्ष, अतिउष्ण किंवा अतिशीत, अभिष्यंदी, तसेच असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ आणि धूर यांनी युक्त असा वायू आरोग्यास घातक मानावा, असा त्या वर्णनाचा आशय आहे. विद्यार्थिदशेत हा भाग आपण टिपणवजा पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि बहुधा विसरलो. कामठीसारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला मात्र हा अध्याय विसरता येत नाही. कारण त्यातील गंध, बाष्प, धूळ आणि धूर रुग्णाच्या बरोबरीने दररोज चिकित्सालयाचा उंबरठा ओलांडतात.

देशविचार

नागपूरच्या ईशान्येस सुमारे १५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी कामठी वसली आहे. १८२१ साली येथे लष्करी छावणी स्थापन झाली आणि तिच्या आधाराने गाव वाढले. जुन्या कामठीजवळ कन्हान, पेंच आणि कोलार या नद्या एकत्र येतात. विणकर आणि बिडी कामगार ही या गावाची जुनी ओळख. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर गेली आणि त्यानंतर शहराचे हात कामठी मार्गाने उत्तरेकडे झपाट्याने पसरले. मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली, २०२४ मध्ये याच मार्गावर दुमजली उड्डाणपूल खुला झाला, आणि शेतांच्या जागी निवासी वसाहती उभ्या राहिल्या.

मात्र कामठीच्या हवेचा विचार केवळ शहरवाढीपुरता मर्यादित ठेवता येत नाही. गावाच्या पश्चिमेस कोराडी आणि वायव्येस खापरखेडा अशी दोन औष्णिक वीजकेंद्रे आहेत. कोराडीतील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुने लहान संच पुढे बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन संच कार्यान्वित झाले. खापरखेडा केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट आहे. नदीपलीकडे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. उन्हाळ्यात या भागात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतो. नकाशा समोर ठेवून ही एवढी एक गोष्ट पाहिली, तरी ग्रीष्मात कामठीकर कोणती हवा श्वासात घेतात याचा अंदाज येतो.

दुष्टीचे हेतू

पहिला हेतू राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार असते. सामान्यतः शंभर किलो कोळसा जाळला की ३० ते ४५ किलो राख उरते. चिमणीतून जाणारी बहुतांश राख यंत्राने अडवली जाते हे खरे. पण अडवलेल्या राखेचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. तिचा मोठा भाग पाण्यात कालवून राखेच्या तलावांत सोडला जातो. ओली असेतो ती स्वस्थ असते. चैत्र-वैशाखात तलावाचा पृष्ठभाग वाळला की वाऱ्याबरोबर तिचे लोट उठतात आणि अंगणात, धान्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा थर बसतो. या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाबरोबर आर्सेनिक, पारा यांसारख्या विषारी धातूंचेही अंश असतात. राखेचा उपयोग विटा, सिमेंट आणि रस्त्यांसाठी व्हावा म्हणून केंद्र शासनाने पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना संपूर्ण राख वापरण्याचे बंधन घालते. तरीही तलाव भरलेलेच आहेत.

दुसरा हेतू अदृश्य आहे. कोळशातील गंधक जळून निर्माण होणारा वायू वातावरणात सूक्ष्म कणांचे रूप घेतो. हे कण मूळ स्थानापासून दूरवर जातात. या वायूवर मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. त्यांची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य संचांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना मात्र २०२७ अखेरपर्यंतची मुदत आहे.

तिसरा हेतू रस्ता. कोळसा, राख, वाळू आणि विटा वाहणारे ट्रक, त्यांच्या चाकांखाली पुनःपुन्हा उडणारी धूळ, डिझेलचा धूर आणि न थांबणारी बांधकामे यांची यात भर पडते. चौथा हेतू कचरा जाळणे. नागपूरच्या भांडेवाडी कचरा आगाराला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी वृत्तपत्रांत येतात. पण गल्लोगल्ली रोज पेटणाऱ्या प्लास्टिकच्या ढिगांची बातमी होत नाही.

पाचवा हेतू घरातला आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. चूल, कोळशाची शेगडी आणि बिडीच्या तंबाखूची बारीक पूड यांत स्त्रियांचे दिवस जातात. बंद खोलीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या, त्याच खोलीत शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने कधीही धूम्रपान केलेले नसते. तरी तिची छाती धूम्रपान करणाऱ्याहून वेगळी ऐकू येत नाही. कामठीच्या बिडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी क्षयाने गेले. क्षयाची कारणे वेगळी आहेत. पण फुप्फुसांच्या व्याधीने या गावाचे किती नुकसान केले आहे, याची ही आठवण वैद्याने जपावी.

सहावे कारण कालाचे. हेमंत-शिशिरात रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते. त्यामुळे धूर वर न जाता वस्तीवरच साचतो. ‘अतिनिश्चल’ वायू म्हणजे काय, हे पौष महिन्यातील पहाटे कन्हानच्या पुलावर उभे राहिल्यास कळते.

एका भावाची दुष्टी दुसऱ्यात

वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल उत्तरोत्तर अधिक दुष्परिहार्य, असा क्रम आचार्यांनी दिला आहे. निवाऱ्याला जाऊन वायू टाळता येतो, पाणी टाळता येत नाही, असा त्यामागील विचार. आज वायूही टाळता येत नाही आणि वायूची दुष्टी वायूत थांबतही नाही. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कामठी तालुक्यातील खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत पसरले. ज्या कन्हानचे पाणी नागपूरचा काही भाग पितो, तिच्याच खोऱ्यातील ही घटना आहे. जी राख वैशाखात वायू दूषित करते, तीच आषाढात जल आणि देश दूषित करते.

शरीरावरील परिणाम

श्वासाच्या निदानात चरकाचार्यांनी रज आणि धूम यांचा उल्लेख प्रारंभीच केला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात धूमोपहताची लक्षणे दिली आहेत : श्वास, शिंका, कास, नेत्रांचा दाह आणि लाली, गंध व रस यांचे ज्ञान न होणे, तृष्णा, दाह, मूर्च्छा. हे तीव्र धूमाघाताचे वर्णन आहे. आपल्यासमोरचा रुग्ण मात्र अल्प मात्रेत, वर्षानुवर्षे धूर घेत असतो. रूक्ष आणि खर अशा कणांनी उरःस्थानात वात प्रकुपित होतो; स्रोतसांच्या रक्षणार्थ कफ वाढतो; पुढे तोच कफ मार्ग अडवतो आणि अवरुद्ध वात प्रतिलोम होऊन श्वास उत्पन्न करतो. आरंभी प्रतिश्याय, मग हटवादी कास, मग तमक श्वास ही पायरी आम्हाला मुलांत आणि वृद्धांत सारखीच आढळते.

आधुनिक शास्त्र कणांचे माप देते. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण श्वसनमार्गात शिरतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे केवळ दमाच नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. प्राणवह स्रोतसाचे मूल हृदय आणि महास्रोतस असे चरकाचार्य सांगतात. प्राचीनांना सूक्ष्म कण ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. पण श्वासाचा रुग्ण तपासताना हृदयाकडे पाहण्याची शिस्त त्यांनी आपल्याला निश्चित दिली आहे.

या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा भारतात २००९ च्या मानकांनुसार प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. म्हणजे आपल्या मानकात बसणारी हवादेखील निर्दोष म्हणता येत नाही.

चिकित्सा आणि तिची मर्यादा

तमक श्वासात बल पाहून उरःस्थानी लवणयुक्त तैलाने स्नेहन, स्वेदन आणि योग्य रुग्णात वमन. वासा, कंटकारी, भारंगी, यष्टीमधू, पिंपळी यांचे कल्प. वेगांमधील काळात अगस्त्य हरीतकी किंवा च्यवनप्राश यांसारखे रसायन, हा क्रम आपणास परिचित आहे. धुळीत काम करणाऱ्याने अणुतैल किंवा गायीच्या तुपाचे प्रतिमर्श नस्य करावे, घरी परतल्यावर कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात, चेहरा व डोळे धुवावेत. गरम, लघू आणि स्निग्ध आहार घ्यावा. रात्री दही टाळावे.

येथे दोन सूचना आवश्यक वाटतात. धूपन हवाशुद्धीसाठी म्हणून श्वासाच्या रुग्णाच्या बंद खोलीत करू नये. धूर औषधी असला तरी धूरच असतो. तसेच रुग्णाचे श्वासावाटे घेण्याचे औषध परस्पर बंद करू नये. बोलताना वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर दिसणे, ग्लानी येणे अशी लक्षणे असल्यास रुग्णाला विनाविलंब प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

एवढे करूनही आमचा अनुभव असा की, रुग्णाला उपशय मिळतो, पण अपुनर्भव साधत नाही. औषधाने बरा झालेला रुग्ण त्याच गल्लीत, त्याच शेगडीजवळ, त्याच राखेच्या वाऱ्यात परत जातो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र. पण येथे निदान रुग्णाच्या हातात नाही. ‘हवा बदला’ हा सल्ला ज्याला घर बदलणे शक्य आहे त्यालाच देता येतो. अशा वेळी प्रदूषणावरचा रामबाण म्हणून एखादा पाक किंवा गोळी विकणे ही रुग्णाची आणि शास्त्राची, दोघांचीही वंचना होय.

वैद्याचे कर्तव्य

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आत्रेय प्रज्ञापराधात आणि अधर्मात पाहतात, आणि त्यात देश, नगर, निगम व जनपद यांच्या प्रमुखांचा विशेष उल्लेख करतात. म्हणजे सामूहिक व्याधीचा हेतू सामूहिक वर्तनात असतो, त्याचा परिहारही तेथेच करावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे. परंतु योजना महापालिकेच्या सीमेवर थांबते, वारा थांबत नाही. शहराला वीज हवी आहे आणि तिची राख शेजारच्या गावांच्या वाट्याला आली आहे. ही वाटणी न्याय्य आहे काय, हे विचारण्याचा अधिकार वैद्याला आहे. कारण तिचा हिशेब त्याच्याच रुग्णपत्रिकेत लिहिलेला असतो.

म्हणून आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे. दशविध परीक्षेतील ‘देश’ केवळ जांगल, आनूप, साधारण एवढ्यावर संपवू नये. श्वास-कासाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेत पाच गोष्टी लिहाव्यात : राहण्याचे गाव वा वस्ती, राखेचा तलाव, खाण किंवा मोठा रस्ता यांपासूनचे अंतर, घरातील इंधन, व्यवसाय, आणि व्याधी वाढण्याचा महिना. यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. कामठी, कन्हान, कोराडी, खापरखेडा येथील वैद्यांनी वर्षभर या नोंदी ठेवल्या आणि रुग्णाचे नाव वगळून एकत्र केल्या, तर आज कोणाजवळ नसलेले साधन आपल्या हाती येईल.

त्याचा उपयोग करण्याची जागाही आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि तेथे स्थानिक नागरिकाला तोंडी वा लेखी म्हणणे मांडता येते. कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी २९ मे २०२३ रोजी अशी सुनावणी झाली. पुढील सुनावणीत शेतकरी आपल्या पिकाचे सांगेल, कामगार आपल्या रोजगाराचे सांगेल. दोघांचेही म्हणणे खरे असेल. फुप्फुसांचे म्हणणे मांडण्यास मात्र नोंदी हाती घेतलेला वैद्य तेथे उपस्थित असावा. त्या नोंदींचा आरंभ येत्या हेमंतापासून करावा, एवढेच सांगणे.